सांकेतिक भाषा शिकवायची कुणी? राजापुरातल्या एका फसलेल्या वर्गाच्या निमित्ताने

वर्षावासात कोकणातल्या बौद्ध वाड्यांमध्ये प्रवचनमालिका चालते, तशी ती आमच्या राजापूर तालुक्यातही चालते. लावणी उरकलेली असते, पाऊस थांबायचे नाव घेत नाही, आणि संध्याकाळी दिवा लावून माणसे विहारात जमतात. बौद्धाचार्य 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला एखादा भाग वाचून समजावून सांगतात. गेल्या वर्षी आमच्या उशिरा लक्षात आले, की मागच्या भिंतीला टेकून बसणारा आमचाच एक तरुण दर वेळी येतो, शेवटच्या सरणत्तयापर्यंत हात जोडून बसतो, आणि त्याला यातला एक शब्दही ऐकू येत नाही. तो जन्मापासून बधिर आहे. वाडीत सगळे त्याला 'मुका' म्हणतात. त्याचे खरे नाव आठवायला आमच्यातल्या दोघातिघांना क्षणभर थांबावे लागले. आम्ही स्वतःला कार्यकर्ते म्हणवतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

मग उत्साह आला. २३ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानंतर २०१८ पासून तो पाळला जातो. त्या आठवड्यात विहारात एक दिवसाचा सांकेतिक भाषा वर्ग घ्यायचा, ऐकणाऱ्या मुलामुलींनी ती शिकायची, म्हणजे आपल्या या मित्राशी बोलता येईल, असे ठरले. वर्गणी काढली. शहरातून एक प्रशिक्षक बोलावले. माणूस सज्जन, प्रमाणपत्र असलेला, बोलण्यात पटाईत आणि ऐकणारा. दिवसभरात साठ-सत्तर शब्द झाले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. प्रशिक्षकांना प्रवासखर्च आणि मानधन दिले. आमच्या बधिर मित्राला व्यासपीठावर बोलावून फूल दिले.

दुसऱ्या दिवशी आमच्यातली एक मुलगी त्याच्याशी बोलायला गेली. तिने शिकलेल्या खुणा करून विचारले, 'तू कुठे कामाला जातोस?' त्याला कळले नाही. तिने पुन्हा केले. तो हसला, मान हलवली, आणि तिचेच शब्द वेगळ्या क्रमाने करून दाखवले. तू, काम, जाणे, आणि शेवटी कुठे. हे करताना त्याच्या भुवया, डोळे, मान सगळे प्रश्न विचारत होते. आदल्या दिवशी तो वर्गात दिवसभर बसलेला होता. त्याला कुणीही काहीही विचारले नव्हते.

इथून आमच्यात वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. ऐकणाऱ्यांना सांकेतिक भाषा शिकवायची कुणी? ज्याची ती भाषा आहे त्याने, की जो ती शिकून आला आहे त्याने?

भाषा म्हणून तिच्याकडे पाहिले तर

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथूनच होतो. सांकेतिक भाषा म्हणजे मराठी किंवा इंग्रजी वाक्य शब्दाशब्दाने हातावर उतरवणे नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. नकारही बहुतेक वेळा शेवटीच येतो. आपल्या 'आहे'सारख्या क्रियापदाची तिला गरज पडत नाही. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला दिले, हे सांगायला समोरच्या मोकळ्या जागेचा वापर होतो. एक व्यक्ती उजवीकडे ठेवली, दुसरी डावीकडे, की 'देणे' ही खूण उजवीकडून डावीकडे जाते आणि कर्ता-कर्म दोन्ही सांगून होते. चेहरा हा तर व्याकरणाचाच भाग आहे. भुवया हलल्या नाहीत तर प्रश्नाचे विधान होते. आमच्या वर्गात नेमके हेच निसटले होते. प्रशिक्षक तोंडाने मराठी बोलत होते आणि सोबत हात हलवत होते. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दिवसभर आम्ही मराठीच ऐकली, हात फक्त साथीला होते.

बधिर शिक्षक शिकवतो तेव्हा ही पळवाट बंद होते. आवाज नाही, त्यामुळे कानाने समजून घेता येत नाही. पहिले दोन तास डोके दुखते, शरम वाटते, आपण अडाणी आहोत असे वाटते. मग डोळे कामाला लागतात. शिवाय भाषेसोबत येणाऱ्या रीती कळतात. लक्ष वेधायला खांद्यावर हलके थोपटायचे की दिवा लावून-मालवून खूण करायची, दोघे बोलत असताना मधून कसे जायचे, नजर हटवणे म्हणजे बोलणे तोडणे कसे होते. आणि सांकेतिक नाव. बधिर समाजात प्रत्येकाला एक खुणेचे नाव असते, ते बधिर माणसांनीच द्यायचे असते. ऐकणाऱ्याने स्वतःचे स्वतः ठरवून चालत नाही. आपल्या वाडीने ज्याला 'मुका' हे नाव देऊन टाकले, त्याच्या समाजात नाव देण्याचा अधिकार असा सांभाळला जातो, हे आम्हाला या वादातूनच कळले.

(जाता जाता. 'मूकबधिर' हा शब्द अजून शाळांच्या पाट्यांवर आहे, सरकारी कागदांत आहे. बधिर संघटनांचा त्याला आक्षेप आहे. ज्याला भाषा आहे तो मुका कसा? 'मूकनायक' हे नाव बाबासाहेबांनी १९२० मध्ये घेतले तेव्हा ते स्वतःच्या समाजाविषयी, स्वतः घेतले होते. दुसऱ्याने चिकटवलेले 'मुका' आणि ते 'मूक' यांत फरक आहे.)

मिलानपासून मुंबईपर्यंत

बधिरांचे शिक्षण कुणी ठरवायचे, हा वाद जुना आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांना शिकवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून जास्त प्रतिनिधी होते, त्यांत बधिर जवळजवळ कुणीच नव्हते. ठराव झाला की शाळांत खुणांची भाषा बंद करावी आणि मुलांना बोलायला व ओठ वाचायला शिकवावे. परिणाम पुढची शंभर वर्षे जगभर भोगले गेले. बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. वर्गात हात मागे घेऊन बसायला लावले जाई, खुणा केल्या तर मार मिळे. या परिषदेच्या परंपरेतल्याच एका परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षे गेली होती.

आपल्याकडची पहिली बधिर शाळा मुंबईत माझगावला सुरू झाली ती त्याच दशकात. पुढे महाराष्ट्रात शाळा वाढल्या, पण भर राहिला तो बोलण्यावरच. तरीही भाषा मेली नाही. ती वर्गाबाहेर, वसतिगृहात, मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे गेली. मुंबईत संध्याकाळी लोकलच्या फलाटांवर हातांनी गप्पा मारणारे घोळके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी ही भाषा तिच्या खऱ्या शाळेत पाहिली आहे.

सरकारी पातळीवर हालचाल उशिरा झाली. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, जी १९८३ पासून आहे, या शतकाच्या सुरुवातीला भारतीय सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला आणि तिथे बधिर शिक्षक ऐकणाऱ्यांना शिकवू लागले. म्हणजे आज आपण ज्यावर वाद घालतो आहोत ते महाराष्ट्रात वीसेक वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे. २०११ मध्ये इग्नूच्या छत्राखाली सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय केंद्र निघाले, ते दोन वर्षांत बंद पडले. बधिर संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यानंतर २८ सप्टेंबर २०१५ रोजी दिल्लीत 'भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र' स्वतंत्रपणे उभे राहिले. त्याने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा चित्रफीत-शब्दकोश काढला, २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. जुलै २०२१ मध्ये सांकेतिक भाषेला शालेय भाषाविषयाचा दर्जा जाहीर झाला आणि मुक्त विद्यालयातून माध्यमिक पातळीवर ती विषय म्हणून घेता येऊ लागली. ६ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे आपण चैत्यभूमीवर होतो त्या दिवशी, दिल्लीत सांकेतिक भाषेसाठी पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी सुरू झाली.

या केंद्राच्या दोन पदविका नीट पाहण्यासारख्या आहेत. एक दुभाष्याची. दुसरी सांकेतिक भाषा शिकवण्याची, आणि ही शिकवण्याची पदविका बधिर उमेदवारांसाठीच आहे. म्हणजे देशाच्या सर्वोच्च संस्थेने आपल्या वादाचे उत्तर अभ्यासक्रमातच देऊन ठेवले आहे: शिकवणारा बधिर, दुभाषी ऐकणारा. जागतिक बधिर महासंघाचीही भूमिका हीच आहे, की राष्ट्रीय सांकेतिक भाषा घडवण्यात आणि शिकवण्यात पहिला मान बधिर माणसांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १७ सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमायला सांगते. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तेच आहे.

मग तरीही राजापूरच्या विहारात ऐकणारा प्रशिक्षक का येतो?

'पात्र उमेदवार मिळत नाही'

कारण पदविकेला बारावी लागते. आणि ज्या मुलाला शाळेत त्याच्या भाषेत कधी शिकवलेच नाही, तो बारावीपर्यंत पोहोचतोच असे नाही. आमचा मित्र सातवीनंतर घरी आला. तालुक्याच्या गावाहून रत्नागिरी साठ-सत्तर किलोमीटर, आणि त्याची वाडी तालुक्याच्या गावापासून आणखी आत. वसतिगृहात ठेवायची घरच्यांची तयारी नव्हती. ज्याच्याकडे भाषा आहे त्याच्याकडे कागद नाही. ज्याच्याकडे कागद आहे त्याने ती भाषा शिबिरात शिकली आहे. आणि आयोजक म्हणतात, काय करणार, पात्र बधिर शिक्षक मिळतच नाही.

हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. प्राध्यापकाच्या राखीव जागा याच वाक्याखाली वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. फरक इतकाच, की या वेळी ते वाक्य आमच्या तोंडून आले. वर्गणीच्या बैठकीत आमच्यापैकीच एकाने म्हटले होते, 'आपल्या मुक्याला शिकवता येणार आहे का?' आणि आम्ही सगळे गप्प बसलो होतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग इथे आठवायला हवा. पुणे करारानंतर १९३२ मध्ये अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संघ निघाला, पुढे तोच हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अ. वि. ठक्कर. त्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी जहाजावरून ठक्करांना लांबलचक पत्र लिहिले. संघाने काय काम करावे हे सांगताना त्यांनी कार्यकर्ते कोण असावेत याचाही विचार केला. अस्पृश्यांमध्येही समाजसेवेच्या नावाखाली पोट भरणारे असू शकतात, हे त्यांनी नाकारले नाही. पण एकंदरीत, त्या समाजातून आलेला कार्यकर्ता हे काम भाडोत्री म्हणून न करता आपुलकीने करील याची खात्री जास्त, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान राहिले नाही. हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा ते त्यांनीच करावे, असे समर्थन गांधींकडून आले. त्यावर बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात किती कठोर लिहिले, तेही माहीत आहे.

आता आमचा वर्ग पाहा. बधिरांसाठी कार्यक्रम, आयोजक ऐकणारे, शिक्षक ऐकणारे, विद्यार्थी ऐकणारे. ज्याच्यासाठी हे सगळे, त्याच्या हातात फूल.

ही तुलना फार ताणू नये, हे आम्हालाही कळते. जात माणसाने लादलेली आहे, बधिरपण तसे नाही. बधिर समाजातही जाती आहेत. शहरातला सवर्ण बधिर शिक्षक आमच्या वाडीत येईल तेव्हा तो आपला पूर्वग्रह घरी ठेवून येईलच, याची हमी कोण देणार? आणि बौद्ध वाडीतली बधिर मुलगी तर दोन्हीकडून, खरे तर तिन्हीकडून कोंडलेली असते. तिच्याविषयी आमच्या चळवळीत आजवर एक ओळ लिहिली गेल्याचे आम्हाला आठवत नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

आमच्यातले जे ऐकणाऱ्या प्रशिक्षकाच्या बाजूचे आहेत त्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला मुद्दा आमच्या मित्राच्या आईनेच मांडला. म्हणाली, 'बाबा, मला पहिल्याच दिवशी बिनआवाजाच्या मास्तरासमोर बसवलात तर मी घाबरीन. मला मराठीत विचारायचंय. त्याच्या लहानपणी मला कुणी काहीच सांगितलं नाही, ते आधी सांगा.' बहुतेक बधिर मुले ऐकणाऱ्या घरांत जन्मतात. आईबापांना भाषेआधी धीर लागतो, माहिती लागते, आणि ती त्यांच्या भाषेत लागते. इथे ऐकणाऱ्या माणसाचे काम आहेच. दुभाषी म्हणून, बधिर आईबापांच्या पोटी जन्मून ही भाषा घरातच शिकलेला असेल तर आणखीच चांगले.

दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा. बधिर असणे आणि शिक्षक असणे या दोन गोष्टी आहेत. मराठी बोलणारा प्रत्येक जण मराठी शिकवू शकत नाही, तसेच हे. आमचा मित्र सातवीपर्यंत शाळेत होता, तिथे त्याला मित्रांकडून भाषा मिळाली, पण गेली कित्येक वर्षे तो वाडीत एकटा आहे. त्याच्या बोलण्यात भारतीय सांकेतिक भाषा आणि घरात तयार झालेल्या खुणा यांची सरमिसळ आहे. तालुक्यातले जे बधिर कधीच शाळेत गेले नाहीत, त्यांच्याकडे तर घरगुती खुणाच आहेत. त्यांना उद्या फळ्यासमोर उभे करून 'शिकव' म्हणणे हा सन्मान नव्हे, ती फजिती आहे. शिक्षक तयार करावा लागतो, त्याला वेळ आणि पैसा लागतो.

तिसरा मुद्दा, ऐकणारा शिकवत नसेल तर आमच्याकडे कुणीच शिकवणार नाही. हा मात्र आम्हाला अर्धाच पटतो. एखाद्या दिवसाचा ओळखीचा कार्यक्रम ऐकणाऱ्याने घेतला तर आकाश कोसळत नाही. पण तसे कार्यक्रम दर वर्षी होत राहतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, यूट्यूबवर ऐकणारी मुले 'साइन लँग्वेज शिका' म्हणून चित्रफिती टाकतात, लाखांनी पाहिल्या जातात, आणि ज्या थोड्या रोजगारात बधिर माणसाला ऐकणाऱ्यापेक्षा वरचढ ठरता येते तोच हातचा जातो. बधिर माणसासाठी नोकऱ्या किती आहेत? शिवणकाम, छपाई, गोदाम, पार्सल. आपली भाषा शिकवणे हे एक काम तरी त्याचे म्हणून राहू द्यावे, एवढीच ही मागणी आहे.

ऐकणाऱ्याची योग्य जागा कोणती, याचे चांगले उदाहरण सर्वोच्च न्यायालयात दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील तिथे उभ्या राहिल्या. सोबत दुभाषी होता. त्याने आपला आवाज दिला, युक्तिवाद तिचा होता. दुभाष्याशिवाय ती तिथे पोहोचली नसती हेही खरे, आणि दुभाषी वकील झाला नाही हेही खरे.

धम्माचे शब्द कोण घडवणार

आता एक चूक, जी करता करता आम्ही थांबलो. वर्गाच्या वेळी कुणाला तरी सुचले की त्रिसरण आणि पंचशील खुणांमध्ये बसवू. बुद्ध, धम्म, संघ, शील यांच्या खुणा आपणच तयार करू, 'जय भीम'चीही करू, चित्रफीत काढू. दोघांनी मिळून चार-पाच खुणा केल्याही. आमच्या मित्राला दाखवल्या तेव्हा त्याने आमच्याकडे असे पाहिले, की चित्रफीत तिथेच राहिली.

विनयपिटकात चुल्लवग्गात यमेळु आणि तेकुल या दोन भिक्खूंची गोष्ट आहे. जन्माने ब्राह्मण, वाणी गोड. ते भगवंतांकडे गेले आणि म्हणाले, नाना कुळांतून आलेले भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत बिघडवतात, आम्ही ते छंदात बसवतो. भगवंतांनी त्यांना फटकारले आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा दिली. 'सक' म्हणजे कुणाची भाषा, यावर वाद आहे. बुद्धघोषांनी तिचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी असा केला. अनेक आधुनिक अभ्यासक 'ज्याची त्याची भाषा' असा करतात. आम्हाला दुसरा अर्थ पटतो, कारण फटकारण्याशी तोच जुळतो. त्या अर्थाने पाहिले तर आमच्या खुणा म्हणजे यमेळु-तेकुलांचेच काम होते. दुसऱ्याच्या भाषेत आपण बसवून द्यायचे, आणि वर सुधारणा केली म्हणायचे.

आपल्या परंपरेचा दुसरा पदरही लपवू नये. त्याच विनयात, महावग्गात, ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांची यादी आहे आणि तिच्यात मुका आणि बहिरा दोघेही आहेत. त्या काळच्या संघाच्या अडचणी काय होत्या याचे स्पष्टीकरण देता येईल, दिलेही जाते. पण आज आपल्या श्रामणेर शिबिरात बधिर तरुण आला तर त्याला आपण काय सांगणार? त्याला परत पाठवणारा नियम आपण वाचतो, आणि त्याच्यासाठी दुभाषी ठेवण्याचा विचार आपण केलेला नाही. यावर भन्ते आणि बौद्धाचार्यांनी उघड बोलावे.

नियम कसा बदलतो याचे एक उदाहरण घरापासून फार लांब नाही. कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात अलीपूर नावाचे गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बधिर माणसे जास्त, त्यामुळे गावाची स्वतःची खुणांची भाषा तयार झाली आणि कितीतरी ऐकणाऱ्यांनाही ती येते. तिथे कुणी प्रमाणपत्राचा वर्ग घेतला नव्हता. शेजारी बधिर, दुकानदार बधिर, भाऊ बधिर. शिकणारा ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडूनच शिकला. आमच्या तालुक्यात तसे दाट वस्तीचे गाव नाही. एका वाडीत एक, दुसऱ्या वाडीत दोन, पाचलकडे कुणी, ओणीकडे कुणी, आणि त्यांची एकमेकांशी ओळखही नाही. म्हणून आधी त्यांना एकमेकांना भेटवावे, असे आमच्यातल्या काहींना वाटते. ऐकणाऱ्यांचा वर्ग नंतर. हा मुद्दा आम्हाला उशिरा सुचला. खरे तर तो मित्राने सुचवला. त्याने विचारले, 'माझ्यासारखे अजून किती?' आम्हाला आकडा सांगता आला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती, हे आम्ही त्याला लिहून दाखवले. त्याने विचारले होते तालुक्याचे.

सध्या काय चालले आहे ते सांगतो. आमच्याच तालुक्यातली, पण मुंबईत शिकलेली आणि तिथेच नोकरी करणारी एक बधिर ताई दर रविवारी सकाळी व्हिडिओवरून शिकवते. मित्र विहारात बसून तेच आम्हाला करून दाखवतो, चुका सुधारतो, आणि स्वतःही शिकतो. वाडीत नेटवर्क धड नाही. चित्र मध्येच गोठले की सांकेतिक भाषेत अर्धे वाक्य हवेत राहते, म्हणून आम्ही पुलापलीकडे एसटीच्या थांब्याजवळच्या एका घरात बसतो. तोंडाने बोलायचे नाही असा नियम आहे. तो बायका पाळतात, पोरे पाळतात, आम्ही कार्यकर्तेच मोडतो. पहिले दोन रविवार आईबापांसाठी ऐकणारा दुभाषी होता, मग त्याला थांबवले. आई अजून येते. परवा तिने मुलाला पहिल्यांदा विचारले की तो शाळा सोडून आला तेव्हा त्याला काय वाटले होते. तो बराच वेळ सांगत होता. आम्हाला त्यातले थोडेच कळले.

मे महिन्यात ताई गावी येणार आहे, तेव्हा तालुक्यातल्या बधिर तरुणांची बैठक घ्यायची आहे. पैशांचा वाद मात्र चालूच आहे. वर्गाच्या हिशेबात मित्राच्या नावापुढे 'प्रशिक्षक' लिहून मानधन दाखवायचे की 'सहकार्य' लिहून सोडून द्यायचे, यावर गेल्या बैठकीत दीड तास गेला. जुन्या मंडळींचे म्हणणे, घरच्याच मुलाला पैसे कसले. शहरातल्या प्रशिक्षकांच्या मानधनाचा आकडा त्याच वहीत दोन पाने आधी आहे.